कुरो म्हणजे काळा

सणासुदीचे दिवस जवळ आले की आमच्या नात्यागोत्यात कोणीतरी मोठा टीव्ही घ्यायला निघतं आणि मग तक्ते फिरू लागतात. इतके इंच, तितके निट्स, ओएलईडी की क्यूएलईडी की मिनी एलईडी... "मावशी, तू सांग यातला कुठला" असं विचारणारे भाचे मला टीव्हीतलं काही कळतं म्हणून विचारत नाहीत, मी इतिहास शिकवत होते आणि मला फावला वेळ आहे म्हणून विचारतात, हे मला ठाऊक आहे. पण या तक्त्यांमधे एक गंमत असते. उजेड किती, रंग किती, याचे रकाने भरभरून असतात. काळोख किती, हे क्वचितच कोणी विचारतं. आणि मोठ्या पडद्याची गेल्या साठ वर्षांतली लढाई तर पुष्कळशी त्या काळोखावरूनच झालेली आहे!

आधी एवढं समजून घेऊ की टीव्हीला काळा रंग 'दाखवता' येत नाही. कागदावर काळी शाई ओतता येते. पडदा मात्र फक्त प्रकाश देऊ शकतो किंवा न देऊ शकतो, आणि न देणं हेच त्याला फार अवघड जातं. ज्यांनी फळ्यावर लिहिलंय त्यांना हे लगेच पटेल. फळा जुना होऊन करडा पडला की खडू कितीही दाबून लिहा, अक्षर उठत नाही. म्हणून तर सुट्टीत फळ्याला नवा काळा रंग द्यायचे. खडू बदलून भागत नसे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं तेव्हा आपल्याकडे टीव्ही म्हणजे पिक्चर ट्यूब. मागून इलेक्ट्रॉनचा झोत येतो, काचेच्या आतल्या लेपावर आदळतो, तिथे उजेड पडतो. जिथे झोत पडला नाही तिथे अंधार. म्हणजे काळ्याच्या बाबतीत ही जुनी पेटी अंधाऱ्या खोलीत मोठी प्रामाणिक होती. (तिच्यावर निळा प्लॅस्टिकचा कागद लावून 'रंगीत' टीव्ही पाहणारी मंडळी आठवतात ना?) तिची अडचण आकाराची. आत निर्वात पोकळी, बाहेरून हवेचा दाब, म्हणून पडदा जितका मोठा तितकी काच जाड आणि पेटी खोल. सोनीने १९८९मधे ४३ इंची ट्यूबचा टीव्ही काढला, त्याचं वजन सुमारे २०० किलो होतं. आज ४३ इंची टीव्ही शाळकरी पोरगं एकट्याने उचलतं.

तेव्हा भिंतीवर टांगायचा सपाट पडदा हवा, हे सगळ्यांना दिसत होतं. पण तो पहिल्यांदा जन्माला आला तो करमणुकीसाठी नव्हे. तो जन्मला शिकवण्यासाठी! हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९६०पासून 'प्लेटो' नावाचा प्रकल्प चालू होता. एका मोठ्या संगणकाला अनेक पडदे जोडायचे आणि प्रत्येक पडद्यासमोर एक विद्यार्थी आपल्या गतीने शिकेल, अशी कल्पना. तिचे प्रमुख डोनाल्ड बिट्झर. अडचण अशी की ट्यूबवरचं चित्र सेकंदाला पन्नास-साठ वेळा पुन्हा पुन्हा काढावं लागतं, नाहीतर ते विझतं. ते काढायला चित्र कुठेतरी साठवून ठेवावं लागतं, आणि त्या काळी संगणकाची स्मृती सोन्याच्या भावाने मिळे. शेकडो विद्यार्थ्यांना शेकडो पडदे कुठून देणार? मग बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी १९६४मधे असा पडदा केला ज्याला स्वतःचंच आठवतं. दोन काचांमधे निऑन वायूचे इवलेइवले कप्पे. विजेचा झटका दिला की कप्पा पेटतो, आणि मग काचेवर साचलेल्या विद्युतभारामुळे थोड्या दाबावर पेटलेलाच राहतो, विझवेपर्यंत. हाच प्लाझ्मा पडदा. १९७२च्या 'प्लेटो'च्या पडद्यावर ५१२ गुणिले ५१२ ठिपके होते, सगळे नारिंगी. आणि विद्यार्थी त्यावर बोट ठेवून उत्तर देऊ शकत असे. १९७२मधे! आमच्याकडे त्या वर्षी हजेरीपट बोरूने नसला तरी टाकानेच भरला जात होता.

या तिघांना टीव्हीच्या क्षेत्रातला एमी सन्मान मिळाला तो २००२ साली, म्हणजे शोधानंतर अडतीस वर्षांनी. स्लॉटो तोवर हयात नव्हते.

नारिंगीचं रंगीत व्हायला बराच काळ गेला. निऑनमधे झेनॉन मिसळायचा, त्यातून अतिनील किरण काढायचे आणि ते लाल, हिरव्या, निळ्या लेपावर पाडायचे. आपल्या ट्यूबलाइटचंच तत्त्व. जपानच्या फुजित्सूने १९९२मधे २१ इंची रंगीत प्लाझ्मा केला. १९९७च्या सुमाराला फिलिप्सचा ४२ इंची टीव्ही अमेरिकेत १५,००० डॉलरला विकायला आला, म्हणजे त्या वेळच्या भावाने पाच लाखांच्या वर रुपये.

दुसरा उमेदवार एलसीडी. त्याचं मूळ आणखी मागे, थेट १८८८मधे, प्रागमधे फ्रिड्रिश रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाने गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ दोनदा वितळताना पाहिला तिथे. पुढची वाट लांबची आहे, ती सगळी सांगत बसत नाही. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९६८मधे द्रवस्फटिकाचा पडदा जगाला दाखवला आणि मग त्याचा नाद सोडला. शार्पने तो उचलला, १९७३मधे खिशातल्या कॅल्क्युलेटरमधे घातला आणि १९८८मधे १४ इंचांपर्यंत नेला. एलसीडीत ठिपका स्वतः उजळत नाही. मागे दिवे जळत असतात आणि पुढे स्फटिकाचे पडदे उघडतात-मिटतात. काळं दाखवायचं म्हणजे पडदा मिटायचा. पण पडदा कितीही घट्ट ओढला तरी उन्हाळ्याच्या दुपारी फटीतून उजेड यायचा तो येतोच. म्हणून एलसीडीवर मध्यरात्र ही नेहमी पहाटेसारखी करडी.

म्हणजे साधारण २००० ते २०१० या काळात ज्याला मोठा आणि भारी टीव्ही घ्यायचा होता त्याच्यापुढे हे दोघे होते. आणि खरोखर बारकाईने तुलना करणारे लोक प्लाझ्माकडे झुकत होते. न्यूयॉर्कजवळ स्कार्सडेल गावात टीव्हीच्या एका दुकानात दरवर्षी स्पर्धाच भरत असे. सगळे टीव्ही ओळीने मांडायचे, प्रत्येकाचे रंग उपकरणाने मोजून नीट लावायचे, खोलीतले दिवे मंद करायचे आणि जाणकारांनी मतं द्यायची. त्या वर्षांत तिथे प्लाझ्माचा दबदबा होता.

पण टीव्ही असे विकत घेतले जात नाहीत. ते घेतले जातात दुकानात, डोक्यावर ट्यूबांच्या रांगा जळत असताना. त्या उजेडात प्लाझ्माचे कप्पे बाहेरच्या प्रकाशाने फिकट करडे दिसतात, समोरची काच आरशासारखी चमकते, आणि सगळा पडदा पांढरा झाला की वीज आवरण्यासाठी तो आपली तेजस्विता आपणच कमी करतो. शेजारी एलसीडी, मागे भक्कम दिवे. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की डोळा जास्त उजळ असलेल्याकडे जातो (गाण्याच्या यंत्रांचंही तसंच, जरा मोठ्याने वाजणारं चांगलं वाटतं). त्यातून दुकानात टीव्ही लावलेला असतो तो सगळं भडक करणाऱ्या पर्यायावर, आणि त्यात पांढऱ्याला मुद्दाम निळी झाक दिलेली असते. आपण धोतराला नीळ देत होतो त्यातलाच प्रकार. निळसर पांढरं जास्त पांढरं वाटतं. स्टुडिओत चित्र तयार करताना पांढऱ्याचं जे प्रमाण धरलेलं असतं, ते त्यापेक्षा कितीतरी उबदार असतं. पण नीळ दिलेल्या धोतरांच्या ओळीत न दिलेलं एक वाळत घातलं, तर मळकट कुठलं वाटणार?

या वातावरणात जपानच्या पायोनियर कंपनीने काळ्या रंगावर पैज लावली. प्लाझ्माचा एक दोष होता. कप्पा चटकन पेटावा म्हणून त्याला अंधारातही जरासा धगधगता ठेवावा लागे, निखाऱ्यावर राख ओढून ठेवतात तसा. तीच त्याच्या काळ्यातली खोट. पायोनियरने कप्प्यात खास स्फटिकांचा थर देऊन ही धग कमी कमी करत आणली आणि २००७मधे नवी मालिका बाजारात आणली. नाव ठेवलं 'कुरो'. जपानी भाषेत कुरो म्हणजे काळा. टीव्हीचं नाव 'काळा' ठेवणाऱ्या माणसाच्या धाडसाचं मला कौतुक वाटतं. २००८च्या मालिकेत काळोख आणखी गडद झाला. जाणकार थक्क झाले, आणि फेब्रुवारी २००९मधे पायोनियरने टीव्हीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. कुरो महाग होता, जगात मंदी आली होती, आणि काळ्यासाठी जास्त पैसे मोजणारी गिऱ्हाइकं पुरेशी नव्हती.

सगळा दोष दुकानातल्या ट्यूबांवर टाकणं मात्र इतिहासाला धरून होणार नाही. एलसीडीची काच लॅपटॉपला, मॉनिटरला, फोनला, सगळ्यांना चालत होती. त्यामुळे तिचे कारखाने वाढत गेले आणि किंमत उतरत गेली. प्लाझ्माचे कप्पे एका मर्यादेखाली लहान करणं कठीण, म्हणून तो टीव्हीपुरताच राहिला. तो वीज जास्त खाई, तापे, वजनदार होता. शिवाय एकच चित्र तासन्‌तास राहिलं की त्याचा डाग पडे. पॅनासोनिकने बराच काळ किल्ला लढवला, पण डिसेंबर २०१३मधे त्यांचंही प्लाझ्माचं उत्पादन थांबलं. २०१४ संपेपर्यंत सॅमसंग आणि एलजीही बाहेर पडल्या. पन्नास वर्षांचा खेळ आटोपला.

त्यानंतर आलेला ओएलईडी हा एका अर्थी कुरोचा वारस. त्याचाही प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, आणि विझला की पूर्ण विझतो, धगही नाही. याचं मूळ कोडॅकमधे, चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांच्या १९८७च्या कामात. फोटोच्या फिल्मवर जगलेल्या कंपनीने हा शोध लावला आणि २००९मधे तो व्यवसाय एलजीला विकून टाकला. २०१३पासून ५५ इंची ओएलईडी दुकानात दिसू लागले. क्यूएलईडी हे नाव एका अक्षराने फसवतं, तो एलसीडीच. मिनी एलईडी हाही एलसीडीच, फक्त मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ, गरज नसेल तिथले मालवता येणारे. 'एलईडी टीव्ही' हेही तसंच नाव, २००९च्या सुमाराला जाहिरातींनी रुजवलेलं. कॉन्ट्रास्टचे लाखांत छापलेले आकडे तर तुलनेत धरूच नका. ते मोजायची सगळ्यांची रीत एक नाही.

म्हणजे जुनीच तुलना पुन्हा मांडलेली आहे, एकीकडे काळोख, दुसरीकडे उजेड. एप्रिल २०१९मधे 'गेम ऑफ थ्रोन्स'चा रात्रीच्या लढाईचा भाग दाखवला गेला तेव्हा जगभरच्या प्रेक्षकांनी तक्रार केली की काहीच दिसलं नाही. छायाचित्रकार फेबियन वॅग्नर यांचं म्हणणं पडलं की लोकांना टीव्ही नीट लावता येत नाही, खोलीत अंधार करून बघा. त्याच वर्षी ऑगस्टमधे दिग्दर्शकांच्या आग्रहाने 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला. तो पर्याय निवडला की टीव्ही आपली नीळ आणि भडकपणा सोडून देतो. तुमच्या टीव्हीत असेल तर शोधा.

आता आपल्या घरांचं काय? आपल्याकडे टीव्ही बघताना ट्यूब बंद करायची पद्धत नाही. भाजी निवडणं, अभ्यास, येणंजाणं, सगळं त्याच खोलीत. अशा घरात दुकानातला उजेडच खरा, आणि तिथे चांगला मिनी एलईडी घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. दिवसभर बातम्यांचा चॅनेल, खाली पळती पट्टी आणि कोपऱ्यात चिन्ह, असं चालत असेल तर ओएलईडी नकोच. डागाचं दुखणं त्यालाही आहे. पण रात्री जेवणं आटोपल्यावर दिवे मालवून सिनेमा बघणारं घर असेल, तर आधी काळा बघा आणि मग बाकीचे रकाने.

त्यासाठी माझी परीक्षा 'कागज के फूल'ची (१९५९). भारतातला पहिला सिनेमास्कोप. रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा तो प्रसिद्ध झोत छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी बाहेरचं ऊन आरशांनी आत वळवून मिळवला. या मूर्तींनाच पुढे २००८चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. दुकानदाराला तो प्रसंग लावायला सांगा, जमलं तर जवळचे एकदोन दिवे मालवायला लावा. झोत काय, कुठल्याही टीव्हीवर दिसेल. झोताच्या बाजूचा स्टुडिओ काळा राहतो की करडा होतो, ते बघा. सिनेमास्कोप असल्यामुळे चित्राच्या वर आणि खाली दोन काळ्या पट्ट्या येतील. त्या टीव्हीच्या चौकटीत मिसळून जातात, की वेगळ्या उठून दिसतात, तेही पाहून घ्या.