निखाऱ्यापाशी दोघे

कोळशावर जाळी ठेवून भाजून खाणे ही गोष्ट हल्ली पुष्कळांना परदेशातून आलेली वाटते. नाव इंग्रजी, जाळी दुकानातली, कोळसा कागदी पिशवीत बांधलेला. शहरातली नवी जोडपी सुटीच्या दिवशी गच्चीवर नाही तर कोणाच्या शेतावर हा खटाटोप मांडतात आणि कसे भाजावे हे पहिल्यापासून शिकतात. शिकू देत. पण जे शिकायचे ते आपल्याच घरातले, विसरलेले आहे, एवढे सांगण्यासाठी हा लेख.

आधी शब्द पाहू. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, चौथ्या अध्यायात, दोन शब्द जोडीने येतात: शूल आणि उखा. शूलावर म्हणजे सळईवर सिद्ध केलेले ते शूल्य, हंडीत केलेले ते उख्य. अमरकोशात शूल्याला भटित्र असा दुसरा शब्द दिला आहे. व्याकरणकाराला आणि कोशकाराला ज्याची नोंद घ्यावीशी वाटली, तो पदार्थ काही अपूर्वाईचा नव्हता, हे उघड आहे.

पुढे बाराव्या शतकात या विषयाला राजाश्रयच मिळाला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बिरुद भूलोकमल्ल, याच्या नावावर मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ आहे, रचना इ. स. ११३० च्या आसपासची. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात अन्नभोग म्हणून एक प्रकरण आहे. त्यात मसाला लावलेले मांसाचे तुकडे सळईला ओवून निखाऱ्यावर भाजावेत असे सांगितले आहे. मांडे आहेत, वडे आहेत, शेतातल्या उंदरांचीही कृती आहे! बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्री. गो. क. श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादिला. पहिला भाग १९२५ साली निघाला. मात्र एक ध्यानात ठेवा. राजाने काय खाल्ले हे ग्रंथात आले. विस्तवापाशी डोळे चोळीत कोण बसले होते, ते आले नाही. ते पाहायचे तर ग्रंथ मिटून शिवारात जावे लागते.

बारामती-इंदापूर भागात पिंपळी नावाचे गाव आहे. या टापूत १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी खेळू लागले, मागाहून ऊस आला, साखर कारखाने आले. तरी शाळू ज्वारी काही गेली नाही. पौष महिन्यात कणसांत दूध भरले, दाणा अजून कोवळा असला, की हुरडा. जमिनीत वीतभर खड्डा करायचा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या, ही आगटी. जाळ बसला की कणसे त्या गरम राखेत खुपसायची, फिरवायची, आणि ऊन ऊन असतानाच तळहातावर चोळायची. एकाने भाजावे, दुसऱ्याने चोळावे. एकट्याने दोन्ही करू गेले तर चोळेपर्यंत पुढचे कणीस करपते. आगटीपाशी नवरा-बायको समोरासमोर बसलेली दिसतात ती काही हौसेने नव्हेत. कामच तसे आहे.

गेल्या पौषात पिंपळीच्या एका मळ्यात पुण्याचे एक नवे जोडपे आले होते. त्यांनी हुरड्यावर भागविले नाही. जाळी आणली होती, कोळसा आणला होता, वांगी होती, मसाला चोळलेली कोंबडी होती. कोळशाने पेट घेतला मात्र, की गृहस्थांनी जाळी चढविली. मळ्यातल्या म्हाताऱ्या आजी हसून म्हणाल्या, "पाव्हणं, जाळ पडू द्या की जरा. जाळावर करपतं, आरावर भाजतं." आणि मग बाईंकडे वळून, "पोरी, तू हात धरून बघ. हाताला कळतं."

या दोन वाक्यांत सारे शास्त्र आले बघा. लाकडातले पाणी आणि धूर करणारे वायू कोळसा पाडतानाच निघून गेलेले असतात. म्हणून कोळसा नीट पेटला की त्याला ज्वाला फारशी नसते, धूर नसतो, नुसती धग असते. निखाऱ्यावर करड्या राखेची साय धरली की तो भाजण्याजोगा झाला. जाळीवर तळहात धरावा: लगेच ओढून घ्यावासा वाटला तर धग कोंबडीच्या जाड तुकड्यांना फार, चार-पाच आकडे मोजता आले तर बेताची. निखारे एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी असे पसरावेत, म्हणजे तुकडा सरकवायला जागा राहते. चरबी ठिबकून भडका उडाला तर पाणी मारू नये, तुकडा बाजूला घ्यावा. आणि वांगे? ते जाळीवर नकोच, खाली राखेत घालावे. आपण आगीतून फुफाट्यात असे संकटाला म्हणतो खरे, पण भरताच्या वांग्याला फुफाट्यासारखी जागा नाही!

त्या दोघांनी तासाभरात कामे वाटून घेतली. तो हवा सांभाळी, ती वेळ सांभाळी. पुढे तर अदलाबदलही झाली. हे मला विशेष वाटले. कारण जुन्या घरांत ही वाटणी ठरून गेलेली होती. चुलीतला विस्तव रात्री राखेत पुरून सकाळी जागा करणे, शेजारणीला निखारा देणे, भाकरी आरावर फुगविणे, ही बायकांची विद्या. जत्रेत बोकड पडले की कलेजी निखाऱ्यावर भाजायची ती पुरुषांनी, उघड्यावर, आणि कौतुकही त्यांचेच व्हायचे. रोजचा विस्तव एकीकडे, सणाचा दुसरीकडे. दोघांपाशी अर्धी अर्धी विद्या होती म्हणा ना.

शहरात कोळशाची शेगडी आली, वखारीतून पोती येऊ लागली. सकाळी गॅलरीत शेगडी पेटवून धूर गेला की आत घ्यायची, ही चाळीतली रीत. मग स्टोव्ह आले. १९५५ च्या सुमारास मुंबईत गॅसचे सिलिंडर मिळू लागले. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने ते खेड्यापाड्यांत गेले. बायकांचे डोळे आणि छाती धुरातून सुटली, याबद्दल हळहळ करण्याचे मला तरी कारण दिसत नाही. (हौस म्हणून शेगडी पेटवणाऱ्यांनी ती बंद खोलीत मात्र कदापि ठेवू नये. निखाऱ्याच्या विषारी वायूला वास नसतो. दारे लावून झोपलेली माणसे उठत नाहीत.)

राहता राहिला कोळसा. तो कागदी पिशवीत उगवत नाही. पूर्वी कोळसा पाडणे आणि चुना भाजणे हे लोणारी समाजाचे काम. आज रायगड-ठाण्याकडची कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की घर सोडून कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तसेच येथेही काम जोडीने करायचे. पावसाळ्यात घेतलेली उचल हंगामभर फेडायची, आणि पुष्कळदा हंगाम संपला तरी ती फिटत नाही. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे. तरीही भट्ट्यांवरून कुटुंबे सोडवून आणावी लागली आहेत.

त्यांचे काम असे. बाभळीची, वेड्या बाभळीची लाकडे तोडून रचायची, वर पाला आणि ओली माती थापायची, एक तोंड ठेवून आत विस्तव घालायचा. मग कित्येक दिवस तो ढीग आतल्या आत धुमसतो. पाच-सहा किलो लाकडामागे जेमतेम एक किलो कोळसा, एवढाच हिशेब. मातीला भेग गेली आणि हवा शिरली, की त्याचीही राख. म्हणून रात्री दोघांनी पाळीपाळीने जागायचे. पांढरा धूर असेतो लाकूड ओले आहे. धूर विरळ होऊन निळसर दिसू लागला, की जागे असेल त्याने दुसऱ्याला हाक मारायची, आणि दोघांनी मिळून, चटके सोशीत, ती भोके मातीने बुजवायची.