हिरोशिमाची मोटार

१९९० च्या सुमाराची गोष्ट. आमच्या शाळेची सहल रायगडावर निघाली होती. मुले थोडी, म्हणून एक लहान बस ठरवली होती आणि तिच्या कपाळावर ठळक अक्षरांत 'स्वराज माझदा' असे लिहिलेले होते. सातवीतला एक मुलगा चढता चढता थांबला आणि म्हणाला, "सर, स्वराज म्हणजे कळले. पण माझदा म्हणजे काय हो?"

मी इतिहासाचा शिक्षक. 'ठाऊक नाही' हे दोन शब्द शिक्षकाच्या तोंडून सहसा निघत नाहीत. माझ्याही निघाले नाहीत. गाडी पंजाबात तयार होते एवढे ऐकून होतो, तेव्हा "पंजाबी नाव असेल कुणाचे तरी" असे मी ठोकून दिले. मुलगा समाधानाने खिडकीजवळ जाऊन बसला. त्या उत्तराची आठवण मला पुढे जवळजवळ तीस वर्षांनी झाली, तीही न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरी.

माझा भाचा तिकडे नोकरीला असतो. निवृत्तीनंतर महिनाभर त्याच्याकडे राहायला गेलो होतो. विमानतळावर घ्यायला आला तो एका ठेंगण्या, लाल गाडीतून. पुढचे दार नेहमीसारखे उघडे, मागचे मात्र उलट्या अंगाला. वाड्याच्या दिंडीच्या दोन फळ्या उघडाव्यात तशी ती दोन्ही दारे उघडली की मधे खांब म्हणून नाहीच. वाटेत पेट्रोल घेतल्यावर त्याने बॉनेट उघडले, तेल मोजायची सळई काढली, फडक्याने पुसली, पुन्हा बुडवून पाहिली आणि थोडे तेल ओतले. आठवड्याने पेट्रोल घेतले तेव्हा पुन्हा तेच.

"बिघडली आहे का रे?"

"नाही मामा. हिचे इंजिन तेल खातेच. खावे अशीच रचना आहे. माझदा आहे ना, रोटरी."

माझदा! तो रायगडच्या वाटेवरचा मुलगा माझ्यासमोर उभा राहिला. त्या महिन्यात आणि नंतर घरी परतल्यावर जे वाचले, विचारले आणि पडताळून पाहिले, ते आज इथे लिहितो आहे.

प्रथम नावाचेच पाहू, कारण माझी सर्वांत मोठी फजिती तिथेच आहे. पंजाबाशी त्याचा काही संबंध नाही. अहुर मझ्द हे जरथुष्ट्री धर्मातले परमेश्वराचे नाव. मुंबईचे आमचे पारशी बांधव ज्याची रोज प्रार्थना करतात त्याच्या नावावरून या जपानी कारखान्याने आपल्या गाडीचे नाव घेतले. त्यात सोय अशी, की संस्थापकाचे आडनाव मात्सुदा. जपानी माणूस आजही आपल्या उच्चाराने 'मात्सुदा' असेच म्हणतो आणि रोमन अक्षरांत मात्र 'माझदा' लिहितो. १९८० च्या दशकात पंजाबातल्या ट्रॅक्टर कारखान्याबरोबर भागी झाली आणि आमच्या रस्त्यांवर 'स्वराज माझदा' धावू लागली. पुढे माझदा त्यातून बाहेर पडली. २०११ पासून ते नावही गेले.

जुजिरो मात्सुदा हा हिरोशिमाजवळच्या एका कोळ्याचा मुलगा. जन्म ६ ऑगस्ट १८७५. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी. लहानपणीच तो ओसाकाला लोहारकाम शिकायला गेला, पुढे त्याने एक पंप शोधून काढला, पैसा मिळवला आणि गमावलाही. १९२० साली हिरोशिमात 'तोयो कॉर्क कोग्यो' नावाची कंपनी निघाली. काम काय, तर बुचे करण्याचे! पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारे बुचाचे लाकूड बंद झाले होते आणि जपानी ओकच्या सालीपासून त्याची भरपाई करायची होती. युद्ध संपले, खरे बूच पुन्हा येऊ लागले, आणि १९२५ साली कारखान्याला आग लागली. तेव्हा मात्सुदाने बूच सोडून यंत्रांकडे मोर्चा वळवला. १९२७ साली नावातले 'कॉर्क' काढून टाकले आणि १९३१ साली माल वाहणारी तीनचाकी बाजारात आणली. पुढे मोटारसायकलचे तोंड आणि मागे हौदा, अशी ती गाडी. आमच्याकडे पुढे जर्मन तीनचाकी आली आणि तिच्या छापाचे 'टेम्पो' हे नाव आमच्या भाषेचाच शब्द होऊन बसले. तिचीच ही जपानी बहीण म्हणावी.

आता ती तारीख. ६ ऑगस्ट १९४५ रोजी मात्सुदाला सत्तर वर्षे पूर्ण झाली. वाढदिवस म्हणून तो सकाळी लवकर शहरात केस कापायला गेला आणि न्हाव्याकडचे पहिले गिऱ्हाईक ठरला, म्हणूनच वेळेत बाहेर पडला आणि वाचला, अशी हकीकत सांगतात. सव्वाआठ वाजता बॉम्ब पडला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत शहरात सुमारे १,४०,००० माणसे मेली. कारखाना स्फोटाच्या ठिकाणापासून पाचेक किलोमीटरवर, फुचू गावात होता आणि मधे हिजियामा नावाची, पुण्याच्या पर्वतीची आठवण व्हावी अशी टेकडी होती. टेकडीने झळ अंगावर घेतली. छपरे उडाली, काचा फुटल्या, पण कारखाना उभा राहिला.

जवळपास दुसरी धड मोठी इमारत उरली नव्हती. जखमी तिथे आणले गेले. जिल्ह्याची कचेरी तिथे आली आणि १९४६ च्या जुलैपर्यंत तिथूनच कारभार चालला. ज्या खोल्यांत गाड्यांचे नकाशे काढायचे तिथे बेपत्ता माणसांचे अर्ज आणि धान्याचा हिशेब होऊ लागला. आणि डिसेंबर १९४५ मध्ये, म्हणजे चार महिन्यांत, त्याच कारखान्यातून तीनचाक्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. बेचिराख गावाला त्या वेळी मोटारीपेक्षा वाळू, लाकूड आणि तांदूळ वाहणाऱ्या गाडीचीच गरज होती. कारखाना आणि गाव यांचे जे नाते तेव्हा जुळले, ते ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही असे माझे मत आहे.

तीनचाक्यांवर कंपनी भरभराटली, १९६० साली तिने आर-३६० नावाची चिमुकली मोटार काढली आणि लगेच नवे संकट आले. १९६१ च्या सुमारास तोक्योच्या व्यापार-उद्योग खात्याने ठरवले, की देशात मोटारवाले फार झाले. त्यांचे मोजके गट करावे, म्हणजे परदेशी कंपन्यांपुढे टिकाव लागेल. याचा अर्थ लहानांनी मोठ्यांच्या पोटात जावे. जुजिरोचा मुलगा त्सुनेजी आता कंपनीचा प्रमुख होता. इतरांजवळ नाही असे काहीतरी आपल्याजवळ हवे, नाहीतर हिरोशिमाचा कारखाना कुणाची तरी शाखा होईल, हे त्याने ओळखले. जर्मनीत फेलिक्स वांकेल याचे नवे इंजिन एन.एस.यू. या कंपनीने पुढे आणले होते. त्सुनेजी जर्मनीला गेला आणि १९६१ साली ते इंजिन करण्याचा करार झाला.

हे इंजिन कसे, ते भाच्याने मला स्वयंपाकघरात बसून समजावले. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या खालीवर होतो आणि त्याची ये-जा चाकाच्या फिरण्यात बदलावी लागते. इथे खालीवर काही नाही. दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखी एक पोकळी असते आणि तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण गरगर फिरतो. त्याचे तीन कोपरे सदैव भिंतीला चिकटून असतात; त्यामुळे भिंत आणि तीन बाजू यांच्यामध्ये तीन खोल्या होतात आणि त्या फिरता फिरता लहानमोठ्या होत असल्याने हवा घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर सोडणे चालू राहते. भाग थोडे, आकार लहान, थरथर जवळजवळ नाही. मेख एकच. त्या तीन कोपऱ्यांवरच्या पट्ट्या. भिंतीला घासत त्यांनी वायू अडवून धरायचा. त्या झिजल्या की इंजिन संपले. त्यांना ओलावा मिळावा म्हणून थोडे तेल आत सोडावे लागते आणि ते पेट्रोलाबरोबर जळून जाते. सळई पुन्हा पुन्हा पाहण्याचे रहस्य हे.

जर्मनीहून आलेले इंजिन चालवून पाहिले तर थोड्याच तासांत आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठत. कामगारांनी त्यांना 'सैतानाच्या नख्यांचे ओरखडे' असे नाव दिले. १९६३ साली केनिची यामामोतो या इंजिनिअरच्या हाताखाली या कामासाठी ४७ माणसांचे पथक नेमले गेले. जपानी माणसाला ४७ म्हटले की धन्यासाठी प्राण देणारे ते ४७ सामुराई आठवतात. ती उपमा या पथकाला तेव्हाच चिकटली. यामामोतो स्वतः तोक्योच्या विद्यापीठाचा पदवीधर, पण युद्धानंतर याच कारखान्यात साधा कामगार म्हणून तीनचाक्यांचे गिअर जोडत होता. कोपऱ्यांच्या पट्ट्यांसाठी या लोकांनी नाना धातू, अगदी जनावरांची हाडेसुद्धा वापरून पाहिली. अखेर कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाची पट्टी टिकली. ३० मे १९६७ रोजी 'कॉस्मो स्पोर्ट' विक्रीला आली. हातावर मोजाव्या तशा ११७६ गाड्या झाल्या, पण हिरोशिमाचे नाव झाले.

इथे मला थांबावेसे वाटते. शाळेच्या पुस्तकांत चिकाटीच्या अशा गोष्टी आम्ही गोड करून शिकवतो, कारण शेवट आम्हाला आधीच ठाऊक असतो. पण चिकाटी एन.एस.यू.नेही दाखवली होती. त्याच १९६७ साली त्यांनी 'आर.ओ. ८०' ही सुरेख रोटरी मोटार काढली. तिची इंजिने इतक्यांदा बदलून द्यावी लागली, की रस्त्यात दोन आर.ओ. ८० भेटल्या तर मालक एकमेकांना बोटे दाखवून आपले कितवे इंजिन ते सांगत, अशी दंतकथाच झाली. १९६९ मध्ये एन.एस.यू. फोक्सवागनच्या घरात गेली. मात्सुदा जिंकले ते शहाणे म्हणून, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिवाय हिशेब व्हायचाच होता. कंपनीने जवळजवळ सगळ्या गाड्यांत हे इंजिन घातले, अमेरिकेत नेले, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखले. रोटरी पेट्रोल ढोसणारी. अमेरिकन सरकारच्या चाचणीत शहरात तिला गॅलनला दहा-अकरा मैलच मिळाले. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली, गोदामे न विकलेल्या गाड्यांनी भरली आणि १९७५ पर्यंत कंपनी दिवाळ्याच्या काठावर आली. सुमितोमो बँकेने हात दिला, पण आपली माणसे आत बसवली. १९७७ साली जुजिरोचा नातू कोहेई याला प्रमुखपद सोडावे लागले. घराण्याची सत्ता संपली. १९७९ साली फोर्डने सुमारे पाव हिस्सा घेतला.

या काळातली एक गोष्ट मला ले मान्सच्या विजयाहून मोलाची वाटते. कामगारांना काढून टाकण्याऐवजी कंपनीने हजारो कामगार देशभरच्या विक्रेत्यांकडे पाठवले. आयुष्यभर पाना धरलेली माणसे अनोळखी गावांत दारोदार जाऊन मोटारी विकू लागली. इकडे हिरोशिमातले व्यापारी आणि रहिवासी आपल्या गावची गाडी घ्या म्हणून एकमेकांच्या मागे लागले. १९४५ साली कारखान्याने गावाला छप्पर दिले होते.

रोटरी मात्र सोडली नाही. तिचे पेट्रोल कमी करून १९७८ साली आर.एक्स.-७ आणली आणि ती भरपूर खपली. २३ जून १९९१ रोजी फ्रान्समधल्या ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत माझदाची ७८७बी पहिली आली. जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय; दुसरा, टोयोटाचा, यायला २०१८ उजाडले. शेवटी गाडी चालवणारा जॉनी हर्बर्ट इतका गळून गेला होता, की बक्षीस घ्यायला मंचावर उभाही राहू शकला नाही.

आता मालकांचे मत. माझदाचे मालक दोन जातींचे. एक साध्या, दट्ट्याच्या इंजिनाच्या गाड्या घेणारे. त्यांची स्तुती ठरलेली: वळणावर गाडी हाताच्या इशाऱ्यावर चालते. तक्रारही ठरलेली: आत रस्त्याचा आवाज फार, मागे बसणाऱ्याचे गुडघे पोटाशी. बर्फावर मीठ टाकणाऱ्या थंड देशांत जुन्या माझदांच्या पत्र्याला गंज फार लवकर धरे, हे दुखणे तिकडचे मालक अजून विसरलेले नाहीत. १९८९ साली आलेली उघडी, दोन आसनांची एम.एक्स.-५ ही यांची लाडकी. २०१६ पर्यंत ती दहा लाख झाली. ती करताना कंपनीने घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत असे सूत्र धरले होते. घोड्यावर राज्य मिळवलेल्या लोकांना ते समजावून सांगायला नको.

दुसरी जात रोटरीवाल्यांची. भाच्याने मला त्यांच्या एका रविवारच्या मेळाव्याला नेले. मला वाटले, ही माणसे गाडीचे गुणगान करतील. छे! एक जण पेट्रोलाचा खर्च सांगत होता, दुसरा कोपऱ्यांच्या पट्ट्या किती मैलांवर गेल्या ते, तिसरा थंड इंजिन चालू करून लगेच बंद केले तर पुन्हा कसे पेटत नाही ते. आर.एक्स.-८ च्या बाबतीत अमेरिकेत कंपनीलाच इंजिनाची हमी वाढवून आठ वर्षे किंवा एक लाख मैल करावी लागली होती, हेही कुणी हसत हसत सांगितले. घरच्या म्हाताऱ्याच्या खोडी सांगाव्यात तसा सूर.

"मग विकून का टाकत नाहीस?" मी परतताना भाच्याला विचारले.

त्याने उत्तर दिले नाही. रस्ता मोकळा होता. त्याने पाय दाबला आणि इंजिनाचा आवाज चढत गेला, पण थरथर कुठेच नाही; शिवणयंत्र वेगात चालावे तसा एकसारखा, आणि नऊ हजार फेऱ्यांच्या जवळ येताच एक घंटी वाजली. तो लहान मुलासारखा माझ्याकडे पाहून हसला.

आर.एक्स.-८ चे उत्पादन २०१२ साली थांबले. २०२३ साली रोटरी परत आली, पण आता चाके फिरवायला नाही. विजेच्या गाडीत बसून बॅटरीसाठी वीज करायला, एकच त्रिकोण घेऊन. रोटरीवाल्यांत यावर मोठा वाद आहे. भाचा म्हणतो, घरात तरी आहे.

परतीच्या दिवशी पहाटे विमानतळावर जाताना त्याने पेट्रोल घेतले. मी घड्याळाकडे पाहत होतो. "मामा, दोन मिनिटे," असे म्हणून त्याने बॉनेट उघडले आणि फडके शोधू लागला.