गावची प्राथमिक शाळा : पाटी, टपाल आणि पंगत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंदिरे, मुनिसंघ, दानशूर घराणी आणि तीर्थक्षेत्रे यांचा गौरव होतो, आणि तो यथोचितच आहे. परंतु गेल्या दीड-दोनशे वर्षांत ज्या एका साध्या वास्तूने जैन व जैनेतर अशा सर्वांच्या मुलांना घडविले, त्या गावच्या प्राथमिक शाळेचा इतिहास अशा पानांतून क्वचितच येतो. शाळा म्हणजे केवळ बाराखडी आणि पाढे नव्हेत. बाहेरच्या जगाची बातमी गावात उतरण्याचे ते ठिकाण होते, आणि गाव एकत्र बसतो की वेगवेगळा, याची परीक्षाही तेथेच होत असे.

इंग्रजी अमलापूर्वी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. एखाद्याच्या पडवीत वा देवळाच्या ओवरीत त्या भरत. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवावयाचे आणि संध्याकाळी पाढ्यांची उजळणी मोठ्याने म्हणावयाची, हा क्रम ठरलेला असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ झाल्याशिवाय व्यापाऱ्याच्या मुलास पेढीवर बसविले जात नसे. मोडी वाचता-लिहिता येणे हेही तितकेच आवश्यक, कारण खतावणी, हुंडी आणि सावकारी कागद मोडीतच असत. व्यापारी समाजाने या शाळांचा उपयोग पुरेपूर करून घेतला. शेतकरी, बलुतेदार आणि अस्पृश्य यांच्या मुलांना मात्र त्या पडवीत जवळजवळ स्थान नव्हते. ज्याला वही लिहावयाची त्यानेच शिकावे, अशीच एकूण समजूत होती.

सन १८६३ नंतर मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा अशी लोकल फंडाची पट्टी बसली आणि तिचा एक तृतीयांश भाग शाळांसाठी राखण्यात आला. याचा अर्थ असा की शाळेचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून होऊ लागला, पण त्याची मुले शाळेत नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात नेमक्या याच हिशेबावर बोट ठेवले. पैसा रयतेचा, शिक्षण वरच्या वर्गांचे, हा जमाखर्च जुळत नाही, असा त्यांचा आशय होता. हिशेबाची जाण असलेल्या कोणालाही तो सहज पटावा.

याच काळात शाळा हे बातमीचे केंद्र बनले. सन १८६१ मध्ये शिक्षण खात्याने 'मराठी शाळापत्रक' हे मासिक सुरू केले. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी त्याचे संपादन केले. १८७५ मध्ये ते बंद झाले. दूर खेड्यातील एकट्या मास्तरास खात्याची व बाहेरच्या विद्येची वार्ता देणारे असे दुसरे साधन तेव्हा नव्हते. पुढे वर्तमानपत्रांचा प्रसार वाढला, तेव्हा गावात टपालाने येणारा अंक बहुधा पाटील, सावकार किंवा मास्तर यांच्याच नावे येई. तो शिळा असे, चार दिवसांचा असे, परंतु शाळेच्या पायरीवर तो मोठ्याने वाचला जाई आणि ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनाही दुष्काळ, प्लेग, लढाई यांची हकीकत कळे.

टपालाचा संबंध तर याहून निकटचा होता. खेड्यांत स्वतंत्र पोस्टमास्तर नेमणे सरकारास परवडणारे नव्हते, म्हणून पुष्कळ ठिकाणी शाळामास्तराकडेच किरकोळ भत्त्यावर शाखा टपाल कार्यालय सोपविले गेले. सन १८७९ मध्ये एका पैशाचे पोस्टकार्ड निघाले आणि १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा सातारा-रत्नागिरीकडचा कामगार घरी पैसे धाडी, ते शाळेतील टेबलावर मोजून दिले जात. पावतीवर अंगठा उठविणाऱ्या माउलीस मास्तर मनीऑर्डरच्या कुपनावरील चार ओळी वाचून दाखवी आणि तिचे उत्तरही तोच लिही. कोणाच्या घरी मृत्यू झाला, कोणाची नोकरी सुटली, कोणास मुलगा झाला, हे घरच्यांच्या आधी मास्तरास ठाऊक होई. ते पोटात ठेवणे हा त्या काळच्या शिक्षकाचा मोठाच गुण समजला पाहिजे. वर्गातील तिसरी-चौथीची मुलेही हळूहळू पत्रे वाचू लागली, आणि ज्या घरातील मुलगा पत्र वाचू लागला त्या घराचे सावकाराकडील परावलंबन तेवढ्यापुरते का होईना कमी झाले.

मात्र ही पायरी सर्वांसाठी खुली नव्हती. १८५६ साली धारवाड येथील एका महार मुलास सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेला आणि त्याचा अर्ज सरकारदरबारी पुष्कळ चर्चिला गेला. तत्त्वतः शाळा सर्वांसाठी असल्याचे पुढे मान्य झाले, तरी प्रत्यक्षात अस्पृश्यांची मुले ओसरीवर वा दाराबाहेर बसत, किंवा त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा निघत. करवीर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलांस शाळेत न धाडणाऱ्या पालकांस दरमहा एक रुपया दंड ठरविला. त्या काळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांतच घेण्याचा हुकूम दिला. दंडापेक्षाही हा हुकूम अधिक धाडसाचा होता, कारण त्याने प्रश्न पैशाचा न ठेवता शेजारी बसण्याचा केला.

शेजारी बसण्याच्या याच प्रश्नाशी जैन समाजाचा इतिहास येऊन भिडतो. १८९९ मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारख्या सुशिक्षित धुरीणांनी तिची धुरा वाहिली आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी येथे जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. खेड्यात चौथीपर्यंत शिकलेल्या शेतकरी जैन मुलास पुढे शिकता आले ते या बोर्डिंगांमुळेच, हे कृतज्ञतेने नमूद करावयास हवे. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेला एक उंचापुरा, कुस्तीचा शौकीन मुलगा राहावयास आला. हाच पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून प्रसिद्ध झाला. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास तो गेला. परतल्यावर स्नान केल्याखेरीज पंगतीस बसता येणार नाही, असे त्यास सांगण्यात आले. त्याने स्नान करण्यास नकार दिला आणि त्यास बोर्डिंग सोडावे लागले.

ही हकीकत समाजाने झाकून ठेवू नये. बोर्डिंग चालविणारी माणसे दुष्ट नव्हती; आपल्या मुलांसाठी त्यांनी झोळी घेऊन पैसा जमविला होता आणि आचारधर्माचे नियम त्यांस मोलाचे वाटत होते. तरीही त्या दिवशी बरोबर तो मुलगाच होता. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान या चतुर्विध दानांत घेणाऱ्याची जात विचारावी असे कोठेही सांगितलेले नाही.

भाऊरावांनी पुढे दूधगाव येथे सहकाऱ्यांसह सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालविले, नांगरांच्या विक्रीसाठी गावोगाव हिंडताना खेड्यांची स्थिती पाहिली, आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, पाळीपाळीने पाणी भरत, स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीस जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी ते पाहिले आणि त्यांच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. मुलांच्या अन्नासाठी सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडले. कर्मठ जैन घरात वाढलेल्या त्या साध्वीने सर्व जातींच्या मुलांस आपल्या हाताने वाढले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. भाऊरावांचे नाव सर्वतोमुखी आहे. लक्ष्मीबाईंच्या वाट्यास त्या मानाने फारच थोडे आले.

रयतची महाविद्यालये सर्वांस ठाऊक आहेत, परंतु तिच्या प्राथमिक शाळांची आठवण फारशी काढली जात नाही. ज्या खेड्यात सरकारी शाळा नाही तेथे खाजगी संस्थांनी शाळा काढावी आणि सरकारने अल्प अनुदान द्यावे, असे धोरण १९३७ नंतरच्या काळात आले. भाऊरावांनी १९३८ मध्ये साताऱ्याजवळच्या डोंगरावरील यवतेश्वर येथे पहिली व्हॉलंटरी शाळा उघडली. पुढे अशा शाळांची संख्या पाचशेच्या वर गेली. देऊळ, चावडी, धर्मशाळा, मिळेल त्या जागेत त्या भरत. गावाने जागा द्यावयाची, मूठमूठ धान्य द्यावयाचे, आणि संस्थेने शिक्षक धाडावयाचा. शिक्षक घडविण्यासाठी १९३५ मध्येच साताऱ्यास अध्यापक विद्यालय सुरू झाले होते. डोंगरातील वाडीवर चालत जाऊन राहणारा तो वीस-बावीस वर्षांचा मास्तर गावाचा वाचक, लेखनिक आणि पंच असा सर्व काही होई. कमी भांडवलात एवढा मोठा विस्तार करणारी पेढी व्यापारी जगातही सापडणे कठीण. स्वातंत्र्यानंतर या शाळा क्रमाने सरकारी शिक्षण मंडळांकडे गेल्या, आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत शाळेच्या सामुदायिक जीवनास बहर आला. पंधरा ऑगस्ट व सव्वीस जानेवारीची प्रभातफेरी, फळ्यावरचा सुविचार व ठळक बातम्या, स्नेहसंमेलनातील नाटुकली, मतदानाची केंद्रे, खानेसुमारीस घरोघर जाणारे गुरुजी, हे सर्व याच वास्तूभोवती फिरे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले आणि आण्याचे सव्वासहा नवे पैसे होऊ लागले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मापेही बदलली. शेराचा किलो आणि वाराचा मीटर झाला. छत्तीस इंचांचा वार हातात मुरलेल्या कापडदुकानदारांची त्यामुळे चांगलीच तारांबळ उडाली. पावकी-दिडकीवर वाढलेली पिढी गोंधळली, पण चौथीतील मुले दशांश चिन्ह सहज देत होती. कित्येक दुकानांत आजोबांचा हिशेब नातवाने तपासला तो याच काळात. मोडीही मागे पडली, आणि जुन्या वह्या घरातल्याच लोकांना अवाच्य झाल्या, हे नुकसान मात्र अजून भरून निघालेले नाही.

१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. त्याच वर्षी ९ मे रोजी कर्मवीरांचे देहावसान झाले होते. रात्री कंदिलाच्या उजेडात त्याच प्राथमिक शाळेत प्रौढ स्त्री-पुरुष पाटी घेऊन बसू लागले. दिवसा मुले ज्या जागी बसत त्याच जागी रात्री त्यांचे आईबाप बसत. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. तोरणे लागत, ग्रामदेवतेसमोर शपथ घेतली जाई. पुढे ही मोहीम राज्यभर पसरली. साक्षर झालेल्यांपैकी कितीजणांचे अक्षर सरावाअभावी पुन्हा पुसले गेले, हा प्रश्न रास्त आहे. पण ज्या बाईने मनीऑर्डरच्या पावतीवर प्रथमच अंगठ्याऐवजी सही केली, तिच्यापुरता तो निकाल लागलेला होता.

शाळा गेली की गावाचे काय जाते, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दिसले. अनंत चतुर्दशीची रात्र सरत असताना किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि घरांबरोबर शाळाही कोसळल्या. भारतीय जैन संघटनेने, शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने, तेथील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. वाघोली येथे त्यांची राहण्याची व शिकण्याची सोय झाली. कोल्हापूरच्या बोर्डिंगातून एक मुलगा बाहेर पडला त्यानंतर आठ दशकांहून अधिक काळ लोटला होता, आणि समाजाच्या संस्थेने आता मुलांची जात विचारली नाही.

प्राथमिक शाळेतील पंगतही आज रोजची झाली आहे. २००१ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळांतून शिजविलेले अन्न देण्यास सुरुवात झाली आणि महाराष्ट्रात खिचडी हा शब्द शाळेशी कायमचा जोडला गेला. ज्या गोष्टीसाठी एका विद्यार्थ्यास वसतिगृह सोडावे लागले, ती गोष्ट आता दुपारची घंटा झाली की राज्यातल्या हजारो शाळांच्या व्हरांड्यात घडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

त्या व्हरांड्यात बसणारी मुलेच मात्र कमी होत आहेत. रोजगारासाठी स्थलांतर, लहान कुटुंबे आणि इंग्रजी माध्यमाची ओढ यांमुळे वाड्या-वस्त्यांवरील पट घटला. २०१७ मध्ये दहापर्यंत पट असलेल्या तेराशेच्या वर शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचा निर्णय झाला, आणि २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांची कल्पना पुढे आली. शिक्षकांच्या पगाराचा हिशेब मांडला तर सरकारची बाजू समजते. पण यवतेश्वरला १९३८ मध्ये हा हिशेब मांडला असता तर तेथे शाळा निघालीच नसती. समाजातील बहुतेक घरांची मुले आता शहरातील खाजगी शाळांत शिकतात. गावाकडच्या त्या दोन खोल्यांशी त्यांचा संबंध उरला आहे तो आजोबांच्या दाखल्यापुरता. तरीही काही गावांत जुने विद्यार्थी एकत्र येऊन छप्पर दुरुस्त करतात, पुस्तकांचे कपाट देतात, मुलांना ने-आण करण्यासाठी वाहनाचा खर्च उचलतात, आणि पट पाच-दहाने वाढला की ती बातमी सर्वांना कळवितात. ही बातमी आता टपालाने येत नाही, मोबाईलवर येते, आणि पाठविणारा बहुधा त्या शाळेचा मास्तरच असतो.