कार्बन फ्रेम : वजन आणि चाल

कार्बन फ्रेम : कार्बन तंतू आणि इपॉक्सी राळ यांचे थर एकावर एक बसवून, साच्यात उष्णता व दाब देऊन घडवलेला सायकलचा सांगाडा. या नोंदीत रोड बाइकच्या, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायच्या सायकलच्या फ्रेमपुरताच विचार केला आहे. अशा फ्रेमचे दोन गुण नेहमी एका दमात सांगितले जातात : ती हलकी असते आणि तिची चाल चांगली असते. पहिला गुण तराजूवर कळतो. दुसऱ्यात बऱ्याच गोष्टी येतात. रस्त्याचा खडबडीतपणा हातांपर्यंत आणि कमरेपर्यंत किती पोचतो, पायडलवर उभे राहून जोर दिला की सायकल किती चटकन पुढे सरकते, घाटाच्या उतारावर वळण घेताना ती धरलेली रेषा सोडते की नाही, हे सगळे मिळून चाल ठरते आणि ती एका आकड्यात मावत नाही. आकड्यात मावणारा गुण जाहिरातीत पुढे राहिला. न मावणाऱ्याचे श्रेय पुष्कळदा भलत्याच भागाला मिळाले. हा गोंधळ सोडवणे हा या नोंदीचा मुख्य हेतू आहे.

द्रव्य. एक घन सेंटिमीटर पोलादाचे वजन सुमारे ७.८५ ग्रॅम, टायटॅनियमचे ४.५, अ‍ॅल्युमिनियमचे २.७ आणि कार्बन-इपॉक्सीचे १.६ ग्रॅमच्या आसपास असते. पण हलकेपणाचे खरे कारण या आकड्यांत अर्धेच सापडते. धातू सर्व दिशांनी सारखा ताठर असतो. कार्बन तंतू फक्त आपल्या लांबीच्या दिशेने ताठर असतो. बांबू वाकवताना दाद देत नाही, पण कोयता लावला की उभा चिरत जातो, तशातलाच हा प्रकार. म्हणून फ्रेमच्या प्रत्येक भागात तंतू कोणत्या कोनात बसवायचे हे आधी ठरवावे लागते. पायडलच्या जोराने पिळवटणाऱ्या खालच्या नळीत बरेच थर ४५ अंशांत तिरपे घालतात, कारण पीळ तिरप्या तंतूंनी अडतो. वाकण्याला विरोध हवा असेल तिथे तंतू नळीच्या लांबीने जातात. जिथे बळ कमी येते तिथले थर काढून टाकता येतात. धातूच्या नळीतही भिंतीची जाडी ठिकठिकाणी बदलता येते, पण एका दिशेला ताठ आणि दुसऱ्या दिशेला मऊ अशी निवड तिथे करता येत नाही.

तंतूंचेही प्रकार आहेत. जपानच्या तोरे कंपनीचा टी७०० हा नेहमीच्या वापरातला तंतू २३० गिगापास्कल मापांकाचा, म्हणजे पोलादापेक्षा थोडाच अधिक ताठर आहे. एम४०जे या तंतूचा मापांक ३७७ आहे. मापांक जितका जास्त तितके कमी थर पुरतात, मात्र तंतू ठिसूळ होत जातो आणि अचानक बसलेला टोला त्याला सोसत नाही. त्यामुळे कोणतीही शहाणी फ्रेम एकाच तंतूची नसते. फ्रेमच्या अंगावर दिसणारी विणकामाची चौकटीदार नक्षी बहुधा शोभेची असते. भार पेलणारे थर तिच्याखाली, एकाच दिशेने जाणाऱ्या तंतूंचे असतात.

हे सारे काम अजून बहुतांशी हातांनीच होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. राळेत भिजवून थंड ठेवलेल्या तंतूंच्या पट्ट्यांचे तीनशे-चारशे तुकडे कापायचे, नेमून दिलेल्या क्रमाने आणि कोनाने एकावर एक बसवायचे, आत फुगा घालून साचा बंद करायचा आणि तापवायचा. तैवानमधील ताइचुंग आणि चीनमधील शियामेन ही या कसबाची मोठी केंद्रे आहेत. तुकडा चार अंश फिरला किंवा थराला सुरकुती पडली, तर बाहेरून काहीच दिसत नाही. एकाच साच्यातून ८०० ग्रॅमची महागडी आणि ११०० ग्रॅमची तिच्यापेक्षा बरीच स्वस्त अशा दोन फ्रेम निघू शकतात. आकार तोच, रंगही तोच असू शकतो. फरक आतल्या थरांचा असतो.

इतिहास. कार्बन तंतू विमानउद्योगातून सायकलीकडे आला. एक्सॉन या तेल कंपनीने १९७५ मध्ये ग्राफटेक नावाची सायकल बाजारात आणली, तिच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांवर कार्बनचा थर होता. १९८६ मध्ये ग्रेग लमॉन्ड यांनी फ्रान्सच्या लूक कंपनीच्या केजी८६ या फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली. कार्बनच्या नळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या सांध्यांत गोंदाने चिकटवलेल्या, अशी तिची रचना होती. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना लागून ओलसर राहिले की अ‍ॅल्युमिनियम गंजते, त्यामुळे त्या काळच्या बऱ्याच फ्रेमचे सांधे पुढे सुटले. १९८६ मध्येच अमेरिकेच्या केस्ट्रेल कंपनीने ४००० ही सांध्यांवाचून एकसंध घडवलेली फ्रेम आणली. १९९२ मध्ये ट्रेक या कंपनीने थर घट्ट दाबून त्यांच्यातली पोकळी कमी करण्याची आपली पद्धत बाजारात आणली आणि फ्रेम ११०० ग्रॅमपर्यंत खाली आली. त्या वेळी चांगली पोलादी फ्रेम दोन किलोच्या जवळपास असे.

चालीच्या दृष्टीने मात्र या सगळ्यांपेक्षा कोल्नागो सी४० महत्त्वाची आहे. मिलानजवळच्या कांबियागो गावात एर्नेस्तो कोल्नागो यांनी १९५४ मध्ये काम सुरू केले. चाळीस वर्षांनी, १९९४ मध्ये ही फ्रेम आली आणि नावातला ४० त्यावरून पडला. फेरारीच्या अभियंत्यांबरोबर कोल्नागो यांनी कार्बनवर आधीपासून काम केले होते. सी४०च्या नळ्याही कार्बनच्या आणि सांधेही कार्बनचे, त्यामुळे गंजायला धातू उरला नाही आणि प्रत्येक मापाची फ्रेम वेगळा साचा न करता जोडता आली. तिची खरी परीक्षा झाली पॅरिस-रूबेत. उत्तर फ्रान्समधल्या या शर्यतीत पन्नासहून अधिक किलोमीटर रस्ता ओबडधोबड दगडी फरसबंदीचा असतो. १९९२ ते १९९४ अशी लागोपाठ तीन वर्षे विजेत्यांच्या सायकलींना पुढे स्प्रिंगवाला फोर्क होता. फोर्क म्हणजे आपल्याकडच्या सायकल दुकानातला चिमटा. १९९५ मध्ये मापेई संघाच्या फ्रांको बालेरिनी यांनी ही शर्यत सी४०वर जिंकली. कार्बन हलका असेल, पण दगडांवर टिकणार नाही ही शंका त्या दिवशी मागे पडली. त्याचबरोबर कार्बन मुळातच धक्के गिळतो ही समजूतही रूढ झाली. तिच्यात तथ्य कितपत आहे ते पुढे येते.

वजनाची शर्यत. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने १९९६ मध्ये लुगानो येथे एक जाहीरनामा काढला : शर्यत माणसाची राहावी, यंत्राची नव्हे. त्यातून निघालेल्या नियमाने २००० पासून शर्यतीतल्या संपूर्ण सायकलचे वजन ६.८ किलोपेक्षा कमी असता कामा नये असे ठरले. त्या काळी हे वजन गाठणेच कठीण होते. दहा वर्षांच्या आत ते सहज ओलांडता येऊ लागले आणि संघांचे यांत्रिक सायकलीत शिशाचे तुकडे टाकू लागले. तरी फ्रेम हलकी करण्याची धडपड थांबली नाही, कारण ती विकत घेणारे बहुतेक जण शर्यतीत उतरतच नाहीत.

पेटर डेंक या जर्मन अभियंत्याचे काम या धडपडीतला सर्वांत विचारी भाग आहे. स्कॉट कंपनीची सीआर१ एक किलोच्या बरीच आत आली, कॅननडेलची सुपरसिक्स ईव्हो (२०११) ७०० ग्रॅमच्या थोडी आत आणि स्पेशलाइज्डची एथॉस (२०२०) ५६ सेंटिमीटर मापात ५८५ ग्रॅम. तिन्हींमागे डेंक होते. एथॉसच्या नळ्या पाहिल्या तर जुन्या पोलादी सायकलीसारख्या गोल आणि साध्या दिसतात. वारा कापण्यासाठी चपटे आकार घेतले की नळी जागोजागी अशक्त होते आणि ती उणीव भरून काढायला जादा थर घालावे लागतात. आकार बळाच्या वाटेने ठेवला तर प्रत्येक तंतू कामाला लागतो. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतली फ्रेमविषयीची ही सर्वांत सुंदर कल्पना आहे. एथॉस फ्रेमची तयार सायकल सहा किलोच्या आसपास भरते आणि त्यामुळे वजन वाढवल्याखेरीज शर्यतीत नियमाने चालत नाही.

जाहिरातीतले वजन वाचताना सावध राहावे. ते एका ठराविक मापाच्या, पुष्कळदा रंग न दिलेल्या फ्रेमचे असते. सीटची पकड, मागच्या चाकाचा आस, मागच्या गिअरचा हँगर आणि बाटलीचे स्क्रू बाहेर ठेवून तोललेले. नुसता रंग शंभर ग्रॅमपर्यंत जाऊ शकतो. फोर्क वेगळा, ३५० ते ४५० ग्रॅमचा.

आणि या ग्रॅमांनी काय मिळते? पुण्याचे सायकलस्वार सिंहगडाच्या चढावर आपली वेळ मोजतात, तेच उदाहरण घेऊ. स्वार, सायकल, पाणी मिळून ८० किलो. चढ ४० मिनिटांत पुरा होतो. फ्रेम ४०० ग्रॅमने हलकी केली तर एकूण वजन अर्ध्या टक्क्याने घटते. चढ तीव्र असल्याने जवळजवळ सगळी ताकद गुरुत्वाकर्षणावर खर्च होते असे धरले, तरी वाचतात १२ सेकंद. शर्यतीत १२ सेकंद म्हणजे पुष्कळ. एरवी ते ४०० ग्रॅम पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीएवढे आहेत. सपाट रस्त्यावर हा फायदा जवळपास शून्यावर येतो, कारण तिथे वाऱ्याशी गाठ असते. म्हणूनच वजनाची मर्यादा आल्यावर शर्यतीच्या फ्रेम वारा कापण्याकडे वळल्या. २०१८ पासून महासंघाने डिस्क ब्रेकला पूर्ण मुभा दिली, त्यांचा भार पेलायला फोर्क आणि मागचा भाग मजबूत करावा लागला, आणि व्यावसायिक संघांच्या कित्येक सायकली पुन्हा सात किलोच्या वर गेल्या.

चाल. रस्त्यावरचा धक्का शरीरापर्यंत पोचताना एकामागून एक लावलेल्या अनेक स्प्रिंगांतून जातो : टायर, चाक, फ्रेम, सीटपोस्ट, सीट, आणि पुढच्या बाजूला फोर्क, हँडल, त्यावरची पट्टी. अशा माळेत सर्वांत मऊ स्प्रिंग सर्वांत जास्त दबते; बाकीच्या ताठ स्प्रिंगांनी फारसा फरक पडत नाही. २८ मिलिमीटरचा टायर योग्य हवेत स्वाराच्या भाराने चारएक मिलिमीटर दबतो. बाहेर बराच निघालेला बारीक सीटपोस्ट खड्ड्यात काही मिलिमीटर मागे वाकतो. दोन त्रिकोणांची फ्रेम मात्र उभ्या दिशेने पुलाच्या कैचीसारखी असते आणि तिचे दबणे मिलिमीटरच्या अंशात मोजावे लागते. फ्रेम दुप्पट लवचीक केली तरी एकूण दबण्यात पडणारी भर टायरमधली हवा थोडी कमी करण्यापेक्षा कमीच. राळेत कंप जिरवण्याचा गुण धातूपेक्षा अधिक आहे हे खरे, पण टायरचे रबर आणि स्वाराचे स्नायू यांच्यापुढे तो फार लहान आहे. आणखी एक कारण कानाचे आहे. बारीक खडीवरून जाताना धातूची फ्रेम किणकिणते, कार्बनची पोकळ, दबका आवाज करते. तो आवाज मन मऊपणा म्हणून नोंदवते.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या बायसिकल गाइड मासिकाने केलेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. इटलीच्या आंतोनियो मोंदोनिको यांच्याकडून सात फ्रेम करून घेतल्या. माप, कोन, रंग, सुटे भाग सगळे एकच. फक्त कोलुम्बस कंपनीच्या पोलादी नळ्या स्वस्तापासून महागापर्यंत वेगवेगळ्या. कोणती फ्रेम कोणत्या नळीची हे चालवणाऱ्याला माहीत नव्हते, आणि अपेक्षेएवढा फरक त्याला जाणवलाच नाही. हा प्रयोग पोलादाचा होता, कार्बनला तो जसाच्या तसा लावता येणार नाही; पण नाव झाकल्यावर फ्रेमविषयीची किती मते शिल्लक राहतात याचा अंदाज त्यातून येतो.

याचा अर्थ फ्रेमला चाल नसते असा नाही. ताठरता जाणवते, आणि ती बाजूच्या दिशेने जाणवते : बॉटम ब्रॅकेटपाशी, म्हणजे पायडलचा आस बसतो तिथे, पायडलच्या जोराने, आणि हेड ट्यूबपाशी, म्हणजे फोर्क ज्यात फिरतो त्या पुढच्या नळीपाशी, वळणावर. जर्मनीचे टूर मासिक या दोन्ही ठिकाणची ताठरता यंत्रावर मोजून छापते, आणि त्या आकड्यांच्या धाकाने कंपन्यांनी एके काळी फ्रेम गरजेपेक्षा ताठ केल्या. भूमितीही तितकीच महत्त्वाची. चेनस्टे, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी, दहा मिलिमीटरने लांब केली, हेड ट्यूब उंच केली, की सायकल शांत होते आणि पाठ सरळ राहते. बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, ६०० किलोमीटर ४० तासांच्या आत कापणाऱ्याला याचा उपयोग शेवटच्या शंभर किलोमीटरमध्ये कळतो.

उभी लवचीकता खरोखर हवी असेल तर फ्रेमचा त्रिकोण कुठेतरी सोडवावा लागतो. ट्रेकने २०१२ मध्ये डोमेनमध्ये तेच केले : सीटची नळी वरच्या नळीला घट्ट न जोडता बेअरिंगवर टेकवली, त्यामुळे ती धनुष्यासारखी वाकू शकते. पुढच्याच वर्षी फाबियान कानचेलारा यांनी तिच्यावर पॅरिस-रूबे जिंकली. स्पेशलाइज्डच्या रूबे या सायकलीत पुढे हँडलखाली २० मिलिमीटर दबणारी स्प्रिंग आली. वजन वाढवणाऱ्या या योजना आहेत, आणि त्या काम करतात. तरी सर्वांत मोठा बदल टायरने घडवला. एकेकाळी २३ मिलिमीटरचे, दगडासारखे टणक फुगवलेले टायर वेगवान मानले जात. आता शर्यतीतही २८ ते ३० मिलिमीटर सर्रास दिसतात, कारण खडबडीत रस्त्यावर टणक टायर उडतो आणि ती ऊर्जा स्वाराच्या अंगात वाया जाते. नवी फ्रेम घेताना तिच्यात किती रुंद टायर मावतो हे विचारावे. आपल्याकडच्या गतिरोधकांवर आणि पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर या प्रश्नाचे उत्तर दोनशे ग्रॅमच्या फरकापेक्षा जास्त उपयोगी पडते.

बळकटी व इजा. आयएसओ ४२१० या मानकानुसार फ्रेमला पायडलच्या भाराची १,००,००० आवर्तने सोसावी लागतात. थकव्याच्या बाबतीत चांगली कार्बन फ्रेम अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सरस ठरते. तिची दुखरी जागा वेगळी आहे. अतिहलक्या फ्रेमच्या वरच्या नळीची भिंत काही ठिकाणी एक मिलिमीटरहून पातळ असते. ती रस्त्याच्या भारासाठी बेतलेली असते, बोटाच्या चिमटीसाठी किंवा दुरुस्तीच्या स्टँडच्या पकडीसाठी नव्हे. गाडीवर बांधतानाही पट्टा या नळीवरून आवळू नये. सीटपोस्टची पकड टॉर्क पाना लावून, भागावर छापलेल्या आकड्याएवढीच आवळावी. पडझडीनंतर रंग शाबूत दिसला तरी खालचे थर सुटलेले असू शकतात. नाण्याने हळूच ठोकत गेले की निरोगी भाग खणखणीत आणि सुटलेला भाग बद्द आवाज देतो. शंका उरली तर अल्ट्रासाउंड तपासणी करून घ्यावी. तडा गेलेली नळी दुरुस्त होते : आजूबाजूचे थर उतरते घासून काढतात आणि त्याच कोनांत नवे थर बसवून तापवतात. त्या जागी काही ग्रॅमची भर पडते. फोर्कची दांडी मात्र दुरुस्त करू नये, बदलावी.