घाट आणि दम

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यांतील दिघोरी हें गांव धानाच्या मुलखांतलें. बांध्यांमधून जाणारा तेथील रस्ता बहुधा सपाट. शाळेला किंवा बाजाराला निघालेल्या सायकलस्वाराला तेथें वाऱ्याशीं झुंजावें लागतें, चढाशीं क्वचितच. हाच मनुष्य सायकल घेऊन खोपोलीहून खंडाळ्याकडे निघाला तर काय होईल? सपाटीवरच्या वेगानेंच तो घाटाला भिडेल, पहिल्या दोन वळणांतच त्याची छाती भात्यासारखी चालूं लागेल आणि तिसऱ्या वळणावर तो खालीं उतरेल. मग त्याचें बळ अपुरें होतें, कीं बळ खर्चण्याची रीत चुकली? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत सायकलच्या इतिहासाचीं पन्नास वर्षें गेलीं.

खरें म्हणजे हें उत्तर घाट बांधणाऱ्यांना आधींच ठाऊक होतें. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालीं, सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असतांना, खुला झाला. पुढें जेम्स बर्कले या इंजिनिअरच्या योजनेप्रमाणें १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी धांवूं लागली. या लोहमार्गानें १,८३१ फुटांची चढण सुमारें सोळा मैलांवर पसरून घेतली. इंजिनाची ताकद ठराविक असते. तेव्हां चढच असा बेताचा ठेवावयाचा कीं इंजिन अखेरपर्यंत एकाच दमानें ओढीत राहील, हें त्यामागील तत्त्व. सायकलस्वाराला मात्र आपला रस्ता आपण आंखतां येत नाहीं. त्याला आपलें यंत्रच बदलावें लागतें.

हिशेब सोपा आहे. स्वार आणि सायकल मिळून वजन ९० किलो, चढ वीसास एक आणि वेग ताशीं १० किलोमीटर असा धरला, तर केवळ वर चढण्यासाठीं सुमारें १२० वॉट शक्ति लागते. वेग १५ केला कीं ती दीडपट होते. आपल्याकडील साध्या सायकलच्या पुढील चक्राला ४४ आणि मागील चक्राला १८ दांते असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें साडेपांच मीटर जाते. म्हणजे त्या चढावर पाय मिनिटाला जेमतेम एकतीस वेळां फिरतात आणि प्रत्येक वेळीं सारा भार गुडघ्यांवर येतो. दोन्हीं चक्रांचे दांते सारखे असले तर पाय पंचाहत्तर वेळां फिरतात, पण प्रत्येक फेऱ्याचा जोर निम्म्याहूनही कमी लागतो. चढाचें काम टळत नाहीं. तें लहान लहान हप्त्यांनीं फेडतां येतें, एवढेंच. सावकाराचें कर्ज आणि घाटाची चढण यांत या बाबतींत मोठें साम्य आहे.

ही गोष्ट ज्यानें चिकाटीनें लोकांना पटवून दिली, तो फ्रान्समधील सेंत-एतिएन गांवचा पॉल द व्हिव्ही. जन्म १८५३ चा. मूळ धंदा रेशमाचा. १८८७ सालीं त्यानें सायकलविषयक मासिक काढलें आणि ‘व्हेलोसियो’ या टोपणनांवानें तो प्रसिद्धीस आला. गांवाजवळच्या ११६१ मीटर उंचीच्या घाटांत तो घाम गाळीत चढत असतांना त्याचाच एक तरुण वाचक तोंडांत चिलीम धरून त्याला मागें टाकून गेला, असें सांगतात. त्या दिवसापासून त्यानें सायकलला एकाहून अधिक गति देण्याचा ध्यास घेतला. आरंभीं दोन चक्रें बसवून साखळी हातानें सरकवावी लागे. त्याचे नियमही यंत्राइतकेच मोलाचे होते : भूक लागण्यापूर्वीं खावें, तहान लागण्यापूर्वीं प्यावें, आणि केवळ प्रौढी मिरविण्यासाठीं पायडल कधीं मारूं नये.

प्रौढीचाच अडसर मोठा होता. ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ सालीं सुरू करणारा आंरी देग्रांज म्हणे कीं, गति बदलण्याचीं साधनें पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठीं. मर्दानें स्नायूंच्या बळावर जिंकावें. १९१० सालीं त्यानें पिरेनीज पर्वतांतील २,११५ मीटर उंचीची तूरमाले खिंड शर्यतींत घातली, तेव्हां नामांकित स्वारांनाही सायकल हातीं धरून चालावें लागलें. मागील चाकाच्या दोन बाजूंस दोन चक्रें असत; चढ आला कीं उतरून चाक काढावें, उलटें बसवावें, असा तो खटाटोप. सामान्य प्रवाशांच्या सायकलींत गिअर रुळले तरी या शर्यतींत त्यांना परवानगी मिळाली ती देग्रांजच्या हातून सूत्रें गेल्यावर, १९३७ सालीं. एका माणसाच्या मर्दपणाच्या कल्पनेपायीं शेंकडों गुडघे विनाकारण झिजले.

या बाबतींत महाराष्ट्रही मागें राहिलेला नाहीं. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर जगाच्या प्रवासास निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटर तुडवून १८ मार्च १९२८ रोजीं परतले. इराणचीं वाळवंटें आणि आल्प्सच्या चढणी त्यांनीं पार केल्या. साडेचार वर्षांचा प्रवास आवेशाच्या बळावर होत नाहीं. तेथें रोजचा दम रोज शिल्लक ठेवावा लागतो. पुढें २०१५ सालीं नाशिकचे डॉक्टर बंधु हितेंद्र व महेंद्र महाजन यांनीं अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत आळीपाळीनें सायकल चालवून नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. २०१७ सालीं नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं तीच शर्यत एकट्यानें बारा दिवसांच्या मुदतींत संपविली. समर्थ हे दिघोरीसारख्याच सपाट विदर्भांतले. तरी रॉकी पर्वताचे चढ त्यांना आडवे आले नाहींत.

दिघोरीच्या सायकलस्वाराजवळ गिअर नसेलही. तरी रीत तीच. चढ दिसतांच जोर न करतां वेग आधींच उतरवावा. सोबत्याशीं सलग बोलतां येईल इतकाच श्वास चढूं द्यावा. गुडघे कुरकुरूं लागण्यापूर्वीं खालीं उतरून चालावें. वेळेवर उतरलेला माथ्यावर पोंचतो आणि तेथून पुढें जाण्याइतकें बळ त्याच्यापाशीं उरतें. हट्टानें न उतरलेला बहुधा अर्ध्या वाटेंतच बसलेला आढळतो.