मधला खांब पडल्यावर

१९५१ साली अमेरिकेत हॅरॉल्ड लेव्हिट यांनी पाच-पाच जणांच्या गटांवर एक प्रयोग केला. जिथे सगळे निरोप मधल्या एकाच माणसाकडून जात, तिथे सोपं काम पटकन उरकलं. पण तो मधला माणूसच नाहीसा झाला तर? आपल्या इतिहासात ही परीक्षा खरोखर झालेली आहे.

फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजीराजे संगमेश्वरी पकडले गेले, मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला. येसूबाई आणि लहानगा शाहू मोगलांच्या कैदेत गेले. औरंगजेबाचा हिशोब सरळ होता: राजा गेला, राजधानी गेली, राज्य संपलं. घडलं उलटंच. राजाराम महाराज जिंजीला पोचले. इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांनी ‘हुकूमतपनाह’ म्हणून सांभाळला. संताजी घोरपडे, धनाजी जाधव आपापल्या फौजा घेऊन फिरत राहिले. वार नेमका कुठं करायचा, हेच बादशहाला कळेना. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले, तेव्हा ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली. १७०७ मध्ये बादशहा दख्खनमध्येच मरण पावला.

मग सत्ता वाटून टाकावी, हाच धडा घ्यायचा का? जरा थांबा. सरदार आपल्या बाजूला राहावेत म्हणून याच काळात वतनं सढळ हातानं दिली गेली. त्यातून घराणी उभी राहिली, प्रत्येकाचं दरबार-दफ्तर वेगळं झालं. १८०३ मध्ये शिंदे-भोसले इंग्रजांशी लढत असताना होळकर बाजूला राहिले. डिसेंबरात भोसल्यांनी देवगावला तह केला, शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला, दोन्ही वेगवेगळे. १८०४ मध्ये होळकर एकटेच लढले. १८१७ मध्ये ५ नोव्हेंबरला पेशवे खडकीत, २६-२७ नोव्हेंबरला आप्पासाहेबांची फौज आपल्या या सीताबर्डीवर, २१ डिसेंबरला होळकर महिदपूरला. सात आठवड्यांत तीन पराभव, आणि कुणी कुणाच्या मदतीला वेळेवर पोचलं नाही.

दोन्ही वेळा सत्ता विखुरलेलीच होती. फरक धाग्यांचा होता. संताजी-धनाजींमध्ये वैर होतं, तरी दोघं एकाच छत्रपतीला मानत, जिंजी आणि महाराष्ट्र यांच्यात निरोप चालू होते. १८०३ पर्यंत गाठी उरल्या, धागे तुटले.

म्हणून कुठल्याही संस्थेबद्दल, पक्षाबद्दल, अगदी आपल्या कुटुंबाबद्दलही मी आधी एवढंच विचारतो: मधला माणूस उद्या नसला, तर बाकीचे एकमेकांना थेट हाक मारतील का?