पंचवीसची भिंत

काही महिन्यांपूर्वी नववीतल्या एका मुलाचा प्रश्न त्याच्या शिक्षिकेने माझ्याकडे पाठवला. त्याच्या मोठ्या भावाने विजेची सायकल घेतली होती. पेडल मारत राहिले की मोटर मदत करते, पण वेग ताशी पंचवीस किलोमीटर झाला की मदत एकदम थांबते आणि सायकल जड लागते. मुलाने विचारले होते, "हीच मोटर मला चढावर सहज ओढून नेते, मग सपाटीवर ती का दमते? आणि भावाचा मित्र म्हणतो तसा हा वेग वाढवता येतो का?"

प्रश्न चोख होता. चढावर न दमणारी मोटर सपाटीवर दमेल कशी? उत्तर असे की ती दमत नाही. तिला थांबायला सांगितलेले असते. हे कोणी, केव्हा आणि का सांगितले, आणि ते ऐकायचे नसणाऱ्यांनी काय काय युक्त्या केल्या, याचा इतिहास मोठा रंजक आहे.

विजेची सायकल ही आजची कल्पना नव्हे. ऑग्डेन बोल्टन या अमेरिकन संशोधकाला ३१ डिसेंबर १८९५ रोजी मागच्या चाकाच्या तुंब्यातच मोटर बसवलेल्या सायकलीचे पेटंट मिळाले. दहा व्होल्टच्या बॅटरीतून शंभर अँपिअरपर्यंत प्रवाह घेण्याची त्याची योजना होती. गुणाकार केला तर हे हजार वॅट होतात, म्हणजे कागदावर तरी आजच्या बहुतेक सायकलींपेक्षा जास्त. त्या काळच्या जड शिशाच्या बॅटऱ्यांवर अशी सायकल दूरवर जाणे अवघडच होते, आणि पुढच्या काळात पेट्रोलच्या इंजिनाने बाजी मारली. वेगाला मर्यादा घालण्याचा प्रश्न बोल्टनला पडलाच नाही.

तो प्रश्न पडला जपानमध्ये, जवळजवळ शंभर वर्षांनी. यामाहा कंपनीने १९९३ साली 'पास' नावाची सायकल आधी काही मोजक्या भागांत विकायला काढली. अडचण कायद्याची होती. मोटर लावलेली दुचाकी म्हटली की ती मोपेड ठरते. मग परवाना आला, नंबरप्लेट आली, हेल्मेट आले. ज्यांच्यासाठी ही सायकल होती ते चढाला कंटाळलेले लोक या कटकटीत पडले नसते. तेव्हा उत्तर असे काढले की मोटरने स्वतःहून काहीच करायचे नाही. पेडलवर पाय किती जोर लावतो हे एक संवेदक मोजतो आणि मोटर त्याच्या प्रमाणात जोर देते. पाय थांबला की मोटरही थांबते. ताशी १५ किलोमीटरपर्यंत पायाचा जोर एक तर मोटरचा एक. त्यापुढे मोटरचा वाटा हळूहळू कमी होत २४ किलोमीटरला शून्यावर येतो. अशा वाहनाला 'सायकल' म्हणायला जपानचा कायदा तयार झाला. मोटर होती २३५ वॅटची आणि बॅटरी शिशाचीच. पुढे २००८ साली जपानने कमी वेगातली मदत पायाच्या जोराच्या दुपटीपर्यंत वाढवली. २४ चा आकडा मात्र हलवला नाही. मला हा निर्णय फार बोलका वाटतो. चढाची सोय वाढवली, वेग वाढवला नाही.

युरोपात आकडा पंचवीसचा झाला. जर्मन माणसाला हा आकडा जुना ओळखीचा होता. तिथे १९६५ साली 'मोफा' नावाचा हलक्या मोपेडचा वर्ग निघाला होता, त्याची वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर होती. आपल्याकडच्या लुनाची ही चुलत बहीणच म्हणा. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी ती घ्यायची आणि आठवड्याभरात तिचा वेग वाढवायचा, ही रीतच पडली. सायलेन्सरमधला अडथळा काढणे, चेनचे दातेरी चक्र बदलून निराळ्या दातांचे बसवणे, असले उद्योग चालत. याला जर्मनमध्ये शब्दही रूढ आहे, 'फ्रिझिरेन', म्हणजे मूळ अर्थाने केस विंचरून सजवणे! पोलीस मग रस्त्याकडेला रोलर मांडून बसत. गाडीचे चाक त्यावर ठेवायचे, जागच्या जागी फिरवायचे आणि खरा वेग वाचायचा.

युरोपीय संघाच्या २००२ सालच्या निर्देशाने विजेच्या सायकलीला मोटारवाहनाच्या नियमांतून वगळले, पण अटींवर. मोटरची सातत्याने देता येणारी शक्ती जास्तीत जास्त २५० वॅट, पाय थांबला की मोटर बंद, आणि वेग वाढताना मदत उतरत जाऊन २५ किलोमीटरला संपली पाहिजे. अमेरिकेने त्याच वर्षी ७५० वॅट आणि ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, ही मर्यादा ठरवली. हवा जपानमध्ये, जर्मनीत आणि अमेरिकेत सारखाच रोध करते. आकडे मात्र निराळे आले. हे आकडे भौतिकशास्त्रातून आलेले नाहीत, ते समाजाने केलेले करार आहेत.

इथे 'सातत्याने' या शब्दाकडे लक्ष द्यावे. फार न तापता मोटर दीर्घकाळ जी शक्ती देऊ शकते ती ही. थोड्या वेळासाठी तीच मोटर याच्या दुप्पट किंवा अधिक शक्ती देते. चढावर मुलाला ओढणारी ती हीच वरकड शक्ती. म्हणजे २५० वॅटचा आकडा मोटरला फारसा आवळून धरत नाही. खरी आवळ आहे ती वेगाची. आणि आत जोर शिल्लक आहे हे कळले, की तो बाहेर काढण्याचा मोह होणारच.

आता हा मोह किती किमतीचा, ते वर्गात फळ्यावर मांडून पाहता येईल. सायकल आणि स्वार मिळून १०० किलो धरू. टायरच्या लोळणीचा रोध सुमारे ६ न्यूटन, तो वेगाबरोबर फारसा बदलत नाही. ताठ बसलेल्या माणसाला हवेचा रोध साधारण ०.३६ गुणिले वेगाचा वर्ग इतका येतो (वेग मीटर प्रतिसेकंद या एककात). २५ किलोमीटरला एकूण रोध २३ न्यूटन येतो आणि लागणारी शक्ती सुमारे १६० वॅट. ३५ ला ३९० वॅट. ४५ ला ७८० वॅट. वेग दुपटीहून कमी वाढला, शक्ती जवळजवळ पाचपट झाली. यातले १०० वॅट स्वार देतो असे धरले, तर मोटरचा वाटा २५ ला ६० वॅट आणि ४५ ला ६८० वॅट. एक किलोमीटर जायला पहिल्या वेगाने १४४ सेकंद लागतात, दुसऱ्याने ८०. म्हणून किलोमीटरमागे बॅटरीतून जाणारी ऊर्जा सुमारे सहापट होते. साठ किलोमीटर पुरणारी बॅटरी दहा किलोमीटरवर संपते. शिवाय २५० वॅटच्या मानाने बांधलेली मोटर सतत ६८० वॅट देत राहिली की तापते. गतिज ऊर्जा सव्वातीनपट होते, आणि ती जिरवायची कामगिरी ब्रेकवर येते. प्रतिक्रियेला एक सेकंद आणि मंदन ४ मीटर प्रतिसेकंदवर्ग धरले, तर थांबायला २५ ला १३ मीटर लागतात, ४५ ला ३२.

एवढे असूनही लोक वेग वाढवत राहिले, कारण ते सोपे होते. सायकलीला आपला वेग कसा कळतो? चाकाच्या एका तारेला छोटा लोहचुंबक बसवलेला असतो. तो दर फेरीला मागच्या दांडीवरील संवेदकासमोरून जातो आणि एक स्पंद पाठवतो. चाकाचा परीघ २.२ मीटर असेल, तर सेकंदाला साधारण ३.१६ स्पंद म्हणजे ताशी २५ किलोमीटर. यंत्राला रस्ता दिसत नाही, वारा लागत नाही; त्याला फक्त मोजता येते. मोजणाऱ्याला फसवायचे असेल तर मोजायची वस्तू बदलावी.

पहिली युक्ती अगदी पोरकट. चुंबक चाकावरून काढून पेडलच्या दांड्यावर लावायचा. मिनिटाला ७० वेळा पाय फिरला की यंत्र ते चाकच समजते आणि वेग ९ किलोमीटर दाखवते. बिचारी मोटर मदत करतच राहते. दुसरी युक्ती परीघ खोटा सांगण्याची. २.२ ऐवजी १.८ मीटर सांगितले, तर खरा वेग साडेतीस होतो तेव्हा यंत्र पंचवीस म्हणते. तिसरी युक्ती बाजारात डबीच्या रूपाने आली. ती संवेदक आणि मोटर यांच्या मधल्या तारेत बसते आणि दर दुसरा स्पंद गिळून टाकते. मग पन्नासपर्यंत मोटर 'पंचवीसच्या आत'.

प्रतिकार दोन बाजूंनी झाला. २०१७ साली युरोपीय मानक सुधारले तेव्हा छेडछाड रोखण्याची अट त्यात आली. फ्रान्सने डिसेंबर २०१९ च्या कायद्याने असा बदल करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि ३०,००० युरोपर्यंत दंड ठेवला. यंत्रेही शहाणी झाली. पायाची गती, पायाचा जोर आणि चाकाचा वेग या तिन्ही गोष्टी मोटरला कळत असतील, तर त्यांची संगती तपासता येते. पाय मिनिटाला ९० वेळा फिरतो, सर्वांत लहान गिअरमध्येही चाक अमुक फिरायलाच हवे, आणि चाक तर त्याहून मंद! कोणीतरी खोटे बोलत आहे, हे मोटर ओळखते. बॉशच्या २०२० च्या सुमारासच्या मोटरी असा संशय आला की ५०४ क्रमांकाची चूक दाखवून मदत आखडती घेऊ लागल्या. डब्या करणाऱ्यांनी त्यावरही तोड काढली, आणि हा खेळ अजून चालू आहे. नेदरलंड्समध्ये अलीकडे जाड टायरच्या 'फॅटबाइक' तरुणांत फोफावल्या, तेव्हा तिथल्या पोलिसांनी रस्त्यावर काय आणले असेल? तोच मोफाच्या काळचा रोलर.

वेग हवा असणारे सगळेच उडाणटप्पू होते असे मात्र समजू नये. वीस-पंचवीस किलोमीटरवर कामाला जाणाऱ्या माणसाची गरज खरी होती. स्वित्झर्लंडने ती ओळखून ४५ किलोमीटरपर्यंत मदत देणाऱ्या सायकलीला नंबरप्लेट आणि हेल्मेटच्या अटीवर रस्त्यावर येऊ दिले. कॅलिफोर्नियाने २०१५ साली विजेच्या सायकलींचे तीन वर्ग केले, त्यातला वेगवान वर्ग ताशी २८ मैलांचा. मला हा मार्ग अधिक सरळ वाटतो. हव्या त्या वेगाचे वाहन घ्यावे आणि त्याच्या जोखमीचे नियमही घ्यावेत. गुपचूप वेग वाढवणारा वाहन मोपेडचे चालवतो आणि हक्क सायकलीचे सांगतो. धडक झाली की त्याचा विमा आणि समोरच्या माणसाची भरपाई या दोन्हींचा घोळ होतो.

आपल्याकडे केंद्रीय मोटारवाहन नियमांत हेच दोन आकडे आहेत. २५० वॅटपेक्षा कमी शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेले, इतर अटी पाळणारे बॅटरीवरचे वाहन मोटारवाहन गणले जात नाही. फरक असा की आपल्या रस्त्यांवर या सवलतीखाली पेडलच्या सायकलींपेक्षा मूठ पिळून चालणाऱ्या स्कूटरच जास्त दिसतात, आणि तिथे पायाचा काही संबंधच नसतो. बॅटऱ्यांना आगी लागण्याच्या घटना गाजल्यानंतर, २०२२ साली, महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने मंजुरीविना शक्ती आणि वेग वाढवलेल्या अशा वाहनांवर कारवाईचे आदेश दिले होते.

मी त्या मुलाला युक्त्या लपवल्या नाहीत. त्या कळल्याशिवाय संवेदकाचे काम कळत नाही. फक्त वरचे गणित स्वतः करायला सांगितले. त्याने दोरीने भावाच्या सायकलीचा परीघ मोजला, तो २०८ सेंटिमीटर भरला. मग त्याच्या भावाच्या सहा किलोमीटरच्या वाटेचा हिशोब पाठवला: २५ ने गेल्यास १४ मिनिटे २४ सेकंद, ३५ ने गेल्यास १० मिनिटे १७ सेकंद. वाटेतले तीन सिग्नल त्यात धरलेले नव्हते, तेवढे मी त्याला कळवले आहे.